दोरीचं दुसरं टोक

कारागिरानं धनुष्याच्या रिलीजच्या जबड्यात दोरी अडकवली, दोरीला खाली वजन टांगलं आणि ट्रिगरला लावलेला छोटा ताणकाटा सावकाश मागं ओढला. टक्. वजन खालच्या गादीवर पडलं. त्यानं काट्यावरचा आकडा पाहिला, पाटीवर खडूनं एक रेघ ओढली आणि वजन पुन्हा टांगलं.

टक्. आणखी एक रेघ.

ती समोरच्या स्टुलावर बसून बघत होती. रेघा किती झाल्या हे पाहायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. दुपारी छापखान्यातून सुटून ती घरी गेली होती, सासूबाईंना भरवलं होतं, रात्रपाळी करून झोपलेल्या नवऱ्याला उठवून त्यांच्यापाशी बसवलं होतं आणि मग नणंदेच्या स्कूटरवर मागं बसली होती. गावाच्या या टोकाला पोचेपर्यंत तिचं कपाळ दोनदा नणंदेच्या पाठीवर आपटलं.

"वहिनी, झोपलीस तर पडशील हां," नणंद वाऱ्यावर ओरडली होती. "मग या चिमट्याबरोबर तुलाही दुरुस्तीला टाकावं लागेल."

नणंदेच्या लेखी रिलीज म्हणजे चिमटाच होता. मनगटाला बांधायचा कातडी पट्टा, पट्ट्याला बोटभर दांडी, दांडीच्या टोकाला धनुष्याची दोरी धरणारा जबडा आणि तर्जनी पोचेल तिथं ट्रिगर. दोन्ही टोकांना कप्प्या असलेल्या या धनुष्याची दोरी नुसत्या बोटांनी ओढत नाहीत. ती रिलीजनं धरायची, गालापर्यंत आणायची, नेम स्थिरावला की ट्रिगरवर बोटाचा भार हळूहळू वाढवायचा आणि बाण जाऊ द्यायचा. नऊ वर्षं तिनं याच रिलीजनं बाण सोडले होते. पट्ट्याची आतली बाजू तिच्या घामानं काळी पडली होती.

"काही नाही यात," कारागीर म्हणाला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "चाळीस वेळा सोडून पाहिला. चाळीसही वेळा एकाच भाराला सुटला. तसूभर फरक नाही."

"काका, तो आपोआप सुटतो."

"कधी?"

"दोरी ओढतानाच. नेम धरायच्या आधी." तिनं उजवा हात गालाकडं नेऊन दाखवला. "कप्प्या उलटतात ना, भार एकदम हलका होतो, दोरीला बारीकसा हिसका बसतो. तेवढ्यात बाण गेलेला असतो."

गेल्या तीन रविवारांत तो तसा चार वेळा गेला होता. तीन बाण जमिनीत घुसले. चौथा लक्ष्याच्या वरून गेला आणि मैदानामागच्या पत्र्याच्या शेडला भोक पाडून आत अडकला. शेडमध्ये माळी होता. त्याला काही झालं नाही, पण तो बाहेर आला तेव्हा हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत होता. क्लबच्या सचिवबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, रिलीज बदला. येत्या रविवारी सगळ्यांच्या आधी या, माझ्यासमोर दहा बाण मारून दाखवा. एक जरी मनाविरुद्ध सुटला तर तुमची जागा यादीतल्या पुढच्या बाईंना द्यावी लागेल. त्या बाई वर्षभर थांबल्या आहेत.

जागा म्हणजे काय, तर रविवारी सकाळी सात ते नऊ, रेषेवरची डावीकडून चौथी खूण. आठवड्याच्या सगळ्या तासांतले तेवढे दोन तिचे होते. ते दोन तास सासूबाईंजवळ नणंद बसायची. रविवार हा नणंदेच्या पार्लरचा सगळ्यात गर्दीचा दिवस, तरी ती दुकान उशिरा उघडायची. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ती जागा गेली की हे दोन तासही जाणार, हे दोघींनाही न सांगता कळत होतं. नुसतं बसून राहण्यासाठी कुणी कुणाचे दोन तास मागत नाही.

कारागिरानं टेबलाचा खालचा खण ओढला. खण जड होता, अर्धाच उघडला. आत रिलीज होते. पट्ट्याचे, मुठीचे, पितळी, काळे, काही अगदी नवेकोरे.

"हे सगळे बिघडलेले," तो म्हणाला. "म्हणजे आणणाऱ्यांनी तसं सांगितलं. नवा घेतला आणि जुना इथं टाकून गेले. मी एकेक तपासला. एकही बिघडलेला नाही."

"मग बिघडलेलं काय होतं?" नणंदेनं विचारलं.

"ते त्यांच्याबरोबर घरी गेलं."

नणंद खो खो हसली. ती मात्र हसली नाही. तिला वाटलं, काकांनी तिला काहीतरी सांगितलं, आणि ते समजून घेण्याइतकं अंगात बळ असतं तर बरं झालं असतं.

"नवीन दाखवा," ती म्हणाली. "सचिवबाईंनी बदलायला सांगितलंय. बदलून न्यायला हवा."

"दाखवतो की."

त्यानं हिरवं कापड अंथरलं आणि त्यावर एकेक रिलीज मांडला. सोनार दागिने मांडतो तसा नव्हे, वैद्य हत्यारं मांडतो तसा. आधी तिच्या जुन्यासारखाच, मनगटी पट्ट्याचा. मग मुठीत धरायचा एक पितळी, त्याला ट्रिगरच नव्हता.

"याला चाप कुठंय?" नणंद वाकून बघत म्हणाली.

"नाही. हा नुसता ओढत राहायचा. पाठीचा ताण वाढला की मूठ आपोआप जराशी फिरते आणि हा सुटतो. केव्हा सुटेल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं."

"अगंबाई! म्हणजे आमच्या ह्यांच्या रागासारखा."

"वन्सं," ती दमल्या आवाजात म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती 'वन्सं, तुम्ही' म्हणायची. पुढं 'तुम्ही' गळालं. 'वन्सं' तेवढं राहिलं होतं, दटावायला उपयोगी पडायचं.

"हा चांगला," कारागीर म्हणाला, "पण रविवारी नाही चालायचा. अंगवळणी पडायला दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात माणूस स्वतःच्या हनुवटीवर ठोसा मारून घेतो."

त्यानं पितळी रिलीज बाजूला ठेवला आणि हातभर लांबीची, दोन्हीकडं फास असलेली एक दोरी तिच्या पुढं केली. नवा रिलीज कुणी धनुष्यावर लावून बघत नाही, आधी या दोरीवर बघतात. एक फास डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात, दुसरा रिलीजच्या जबड्यात, आणि ताणायचं. चूक झाली तर दोरी उडते, एवढंच.

तिनं मनगटी पट्टा बांधला. पट्टा नवा होता, कडक होता. तिनं दोरी ताणली. हात गालापाशी आला.

"सोडू नका," कारागीर म्हणाला. "नुसतं धरून ठेवा. मी म्हणेन तेव्हा."

तिनं मान हलवली. कारागिरानं एका बोटानं ताणलेल्या दोरीला मध्यावर हलकंसं टिचकवलं.

टक्. दोरी उडून नणंदेच्या मांडीवर पडली.

"हा पण बिघडलेला का?" नणंद म्हणाली आणि म्हटल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं नाही. दोरी उचलून तिनं परत दिली.

पुन्हा ताणली. पुन्हा टिचकी. टक्. तिसऱ्यांदा तिनं दात आवळले, बोट ट्रिगरच्या मागं नेऊन ठेवलं, मनाशी दहादा घोकलं की हलायचं नाही. टिचकी बसली आणि बोट मागून पुढं आलं, ट्रिगरवर बसलं, वाकलं. तिनं ते वाकताना पाहिलं. जणू दुसऱ्या कुणाचं बोट होतं.

"कमाल आहे," ती पुटपुटली.

कारागिराची नजर तिच्या तर्जनीवर होती. पहिल्या पेराच्या खाली, अंगठी घालतात त्याहून जरा वर, बोटाभोवती एक फिकट वळ होता. अंगठीचा नव्हता. अंगठीचा वळ गुळगुळीत असतो, या वळाला पीळ होता.

"थांबा जरा," तो म्हणाला. "आत आणखी एक आहे. शोधावा लागेल. बसा तुम्ही."

तो पडद्याआड गेला. आतून डबे सरकवल्याचे आवाज येऊ लागले. नणंद उठून भिंतीवरची धनुष्यं बघू लागली, एकाच्या कप्पीवरून तिनं बोट फिरवलं आणि ग्रीस लागलं म्हणून रुमालाला पुसलं. दुपारचं ऊन दारातून आत येऊन फरशीच्या चौथ्या ओळीपर्यंत पोचलं होतं. रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं आणि गाडी चालू होत नव्हती.

ती पट्टा सोडून भिंतीला टेकली. दोरी हातातच होती. एक टोक टेबलावर पडलं होतं, दुसरं तिच्या बोटांत घोळत होतं. घोळता घोळता त्या टोकाचा फास तर्जनीत गेला, पेराच्या खाली जाऊन त्याच्या जागी बसला, आणि फास जागेवर बसला तशा तिच्या पापण्या खाली आल्या.

नणंदेनं वळून पाहिलं तेव्हा ती झोपलेली होती. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला. नणंद काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. या बाईला झोपलेलं आपण शेवटचं कधी पाहिलं हे तिला आठवेना.

कारागीर पडदा सारून बाहेर आला. हातात एक लहान डबी होती. डबी ठेवायला टेबलावर जागा हवी म्हणून त्यानं तिथं पडलेलं दोरीचं टोक दोन बोटांनी उचललं, अलगद, तिला जाग येऊ नये म्हणून.

दोरी जराशी ताणली गेली.

पलीकडून दोरी ओढली गेली. एकदाच, हळू. त्याच्या बोटांना ते स्पष्ट जाणवलं. गळाला मासा लागतो तसं नव्हतं ते. अंधारात कुणी हात दाबावा तसं होतं.

"आले, आई," ती डोळे मिटलेल्या अवस्थेत म्हणाली, आणि उठून उभी राहिली. "आले, आले. मी आहे."

मग तिनं डोळे उघडले. समोर कारागीर होता, त्याच्या हातात दोरी होती. नणंद धनुष्यांपाशी उभी होती. रस्त्यावरची गाडी चालू झाली आणि निघून गेली.

"हे काय गं?" नणंद म्हणाली.

ती खाली बसली. फास बोटातून काढायला लागली. तो निघेना.

"काही नाही. आईंना रात्री भीती वाटते. हाक मारायला जातात आणि आवाज फुटत नाही. एकदा तशाच उठल्या आणि पडल्या. मग मी दोरी केली. एक टोक त्यांच्या मुठीत देते, एक माझ्या बोटाला. त्यांनी ओढलं की मी परत ओढते. म्हणजे त्यांना कळतं, आहे मी. मग कधी कधी उठावं पण लागत नाही. तेवढ्यानंच झोपतात पुन्हा."

"किती दिवस?"

"कशाचे?"

"वहिनी, हे किती दिवस चाललंय?"

"तुझ्या लग्नापासून तरी नाही," ती म्हणाली. थट्टा जमली नाही. "दोन वर्षं होतील."

"रात्रीतून किती वेळा?"

"मोजत नाही गं. सहा. आठ. परवा जास्त."

"आणि मला बोलली नाहीस."

"तू रविवारी येतेसच की."

नणंदेनं तोंड फिरवलं. समोरच्या धनुष्याची कप्पी तिनं मघाशीच पाहिली होती, तरी ती पुन्हा तीच बघत राहिली.

कारागिरानं डबी उघडली. तो खाकरला. घरगुती बोलणं कानावर पडलं की पुरुष माणसं हातातल्या कामात डोकं घालतात, तसं त्यानं घातलं.

"ताई, तुम्ही काम काय करता?"

"छापखान्यात. कागद कापायच्या यंत्रावर."

"ते मोठ्या पात्याचं?"

"हो. सोळा वर्षं झाली."

"त्याला बटणं दोन असतात ना? दोन्हीकडं?"

"दोन. दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबायची. म्हणजे पातं खाली येताना एकही हात आत नसतो."

"कधी चुकून दाबलं गेलं?"

"चुकून?" तिनं मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात जरा धार आली. "काका, चुकून दाबलं असतं तर दहा बोटं घेऊन तुमच्यासमोर बसले नसते. गठ्ठा सरळ झाला, कोपरे जुळले, हात बाहेर आले, मग दाबायचं. मागं मॅनेजर येऊन ओरडला तरी अंगठा हलत नाही माझा."

कारागिरानं डबीतला रिलीज तिच्या तळहातावर ठेवला. मुठीत धरायचा होता. तीन बोटांना खाचा, आणि अंगठ्याच्या जागी एक छोटी, गोल, खरखरीत खुंटी. तर्जनी दांड्याभोवती वळून बसत होती. तिला करायला काहीच उरत नव्हतं.

"अंगठ्यानं सुटतो," तो म्हणाला. "मी भार वाढवून देतो. जड ठेवतो, अगदी तुमच्या यंत्राच्या बटणासारखा."

त्यानं बारीक किल्लीनं स्क्रू दोन आटे फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, आणखी अर्धा फिरवला. तिनं फास बोटातून कसाबसा काढला, जबड्यात अडकवला आणि दोरी ताणली. हात गालापाशी आला.

कारागिरानं टिचकी मारली.

तर्जनी हलली. दांड्याभोवती घट्ट झाली, वळली, जे उत्तर द्यायचं ते तिनं दिलं. दोरी होती तिथंच राहिली.

"धरून ठेवा," कारागीर म्हणाला. पुन्हा टिचकी मारली. मग आणखी एक. नणंद वळून बघत होती. तिचे ओठ हलत होते, बहुधा ती मोजत होती. "आता कोपरे जुळवा. हात बाहेर. दाबा."

टक्.

असं दहा वेळा झालं. दहाही वेळा अंगठा थांबला आणि सांगितल्यावर गेला.

"रविवारपर्यंत रोज वीस वेळा दोरीवर करा. धनुष्यावर उद्या लावा, लक्ष्याच्या अगदी जवळ उभं राहून. सचिवबाईंना सांगा, काकांनी तपासून दिलाय. त्या इथंच येतात दोरी बदलायला."

"हाच द्या," ती म्हणाली. मग तिनं जुना रिलीज उचलला, पट्टा गुंडाळला आणि खालच्या उघड्या खणात ठेवायला वाकली.

"तिथं नको," कारागीर म्हणाला.

"का?"

"तो खण टाकून दिलेल्यांचा आहे. हा घरी न्या. बोटाला झोप मिळाली की आणा, पट्टा बदलून देतो."

तिनं तो पिशवीत ठेवला. जड हातानं ठेवला, जागा करून, जेवणाच्या डब्याशेजारी. कारागीर पाटी पुसू लागला. चाळीस रेघा ओल्या फडक्याखाली गेल्या.

निघायची वेळ झाली होती. नवऱ्याला सातला कामावर निघायचं होतं, त्याआधी घरी पोचायला हवं होतं. ती दारापर्यंत गेली. नणंद जागची हलली नाही.

"वन्सं, चल ना."

"किती लांब लागते गं?"

"काय?"

"दोरी. आईच्या खाटेपासून तुझ्या अंथरुणापर्यंत."

ती दारात उभी राहिली. "राहू दे. तुझं दिवसभर उभ्याचं काम."

"मी विचारतेय काय, तू सांगतेयस काय."

"सवय झालीय मला."

"ती दिसली आत्ता. उभी राहून दिसली." नणंदेचा आवाज एकदम वर गेला आणि तितक्याच पटकन खाली आला. "शनिवारी दुकान आठला बंद करते. तिथूनच येते. तू आतल्या खोलीत झोप आणि दार लावून घे. लांबी सांग."

तिनं हात दोन्ही बाजूंना पसरले. मग विचार करून उजवा हात आणखी थोडा पुढं नेला.

"काका, एवढी द्या," नणंद म्हणाली. "मऊ असेल ती. आईची कातडी कागदासारखी झालीय."

कारागिरानं रिळातली दोरी ओढली, तिच्या पसरलेल्या हातांशी धरून मापली आणि कापली. टोकं उसवू नयेत म्हणून काडी ओढून ती जराशी जाळली आणि ओल्या बोटांनी दाबली. मग एका टोकाला तो फास वळू लागला.

"कुठल्या बोटाच्या मापानं?"

नणंदेनं उजवा हात पुढं केला. कात्रीचा घट्टा पडलेला अंगठा, शेजारी तर्जनी. क्षणभर ती त्या बोटाकडं बघत राहिली, आणि तो हात मागं घेऊन तिनं डावा पुढं केला.

फास बोटात बसला. कारागिरानं दुसरं टोक धरून हलकेच ओढलं. नणंदेनं परत ओढलं, कुलूप हिसकून बघावं तसं. दारात उभ्या असलेल्या तिच्या हातातली पिशवी हलली. तिची तर्जनीही त्याच वेळी वाकली होती.

"हळू," ती म्हणाली. "दचकतात त्या."

नणंदेनं मान हलवली.

"पुन्हा ओढा, काका," ती म्हणाली.